ओरिजिनलराव

जुन्या मोटारींची रॅली मुंबईत असो की पुण्यात, मोटारी यायच्या आधी ओरिजिनलराव येऊन उभे असतात. डोक्यावर कॅप, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, एका खिशात बॅटरी आणि दुसऱ्यात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. स्वतः रिक्षानं येतात. बाकीचे लोक गाडीला टेकून फोटो काढतात तेव्हा हे गाडीखाली वाकलेले असतात. लोकांना गाडी दिसते, ह्यांना नट दिसतो. आणि तो नट हमखास चुकीचा असतो.

पेशानं ते कोणीही असू शकतात. निवृत्त बँक अधिकारी, दातांचे डॉक्टर, साड्यांचे व्यापारी. परीक्षक म्हणून त्यांना कोणी नेमलेलं नसतं. खरे परीक्षक छातीवर बिल्ला लावून, हातात कागद घेऊन फिरतात आणि चहा आला की थांबतात. ओरिजिनलराव चहालाही थांबत नाहीत.

परवाच्या रॅलीत एक तरुण लालचुटूक एमजी टीसी घेऊन आला होता. बॉनेटवर झेंडूचा हार, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. ओरिजिनलरावांना पाहून तो उत्साहानं म्हणाला, "काका, १९४८ची टीसी आहे. सगळी ओरिजिनल!"

"सगळी?" एवढंच विचारून रावांनी चष्मा चढवला. जाणकार मंडळी तेवढ्यात दोन पावलं मागं सरकली.

टीसी हे रावांचं माहेर. १९४५ ते १९४९ ह्या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ह्या दोन माणसांच्या गाड्या सुमारे दहा हजार निघाल्या. अमेरिकेनं त्या हौसेनं उचलल्या, पण स्टिअरिंग एकीचंही डावीकडं नव्हतं. चासीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. ही माहिती राव अशा जिव्हाळ्यानं सांगतात, की आत्ता फोन लावला तर पलीकडून कोणी ह्यांना नावानं ओळखेल असं वाटतं.

आधी दरवाजा झाला. रावांनी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, कान लावला आणि जाहीर केलं, "सागवान."

टीसीच्या बॉडीचा सांगाडा लाकडी असतो आणि ते लाकूड ॲशचं. पत्रा वरून ठोकलेला. मुंबईच्या पावसाळ्यात ॲशचं काय होतं ते सांगायला नको. तेव्हा कुठल्यातरी शहाण्या सुतारानं सांगाडा सागवानात करून दिला असणार.

"पण काका, सागवान जास्त टिकतं."

"टिकतं ना! कोण नाही म्हणतंय? पण ॲबिंग्डनला सागवान नव्हतं."

मग बॉनेट उघडलं. ह्या गाडीच्या साडेबाराशे सीसी इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. हे इंजिन करणारा कारखाना मूळ हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा. तो मॉरिसनं विकत घेतला तेव्हा यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती आणि इंग्रज मिस्त्र्यांच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे होते. दोन्ही पक्षांचा मान राखून तोडगा निघाला: आटे फ्रेंच, डोकं इंग्रज. आपल्याकडच्या गॅरेजात गेल्या सत्तर वर्षांत जो बोल्ट हाताला लागला तो बसवला गेला. रावांनी बॅटरीच्या उजेडात असे परके बोल्ट एकेक करून मोजायला सुरुवात केली. सहाव्याला तरुणाचं तेज उतरलं. अकराव्याला त्यानं हार नीट करण्याचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

इंजिनाचा नंबर असलेली अष्टकोनी पितळी पट्टी पाहून राव जरा थबकले. नंबर बरोबर होता. तरुणानं श्वास सोडला. "पट्टी बरोबर आहे," राव म्हणाले, "पण रिवेट नवीन आहेत." म्हणजे पट्टी एका इंजिनावरून निघून दुसऱ्यावर बसली असणार. पोलिसांनी एखाद्या खोलीला सील ठोकावं तसा सूर होता.

शेवटी डॅशबोर्ड. टीसीत चालवणाऱ्यासमोर असतो तो इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. वेग दाखवणारा काटा शेजारी बसणाऱ्यासमोर. म्हणजे गाडी नवरा हाणणार आणि किती हाणतोय ते बायको बघणार. तरुणानं सोयीसाठी दोन्ही काट्यांची अदलाबदल केली होती. राव काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. जाता जाता मात्र पुढं लटकलेल्या लिंबू-मिरचीकडं बोट दाखवून म्हणाले, "हेही फॅक्टरी फिटिंग नाही."

"काका, पण गाडी किती किमतीची असेल अंदाजे?"

"आधी ह्यातली गाडी किती आहे ते ठरवू. मग किंमत."

लोकांना वाटतं, हा माणूस खडूस आहे. खडूस आहेच. पण पैशांच्या बाबतीत जग त्याच्याच बाजूनं आहे. जग्वारची ई-टाइप १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाला पहिल्यांदा दाखवली. सुरुवातीच्या सुमारे पाचशे गाड्यांत बॉनेटचं कुलूप बाहेरच्या बाजूला होतं. वेगळी किल्ली घालून उघडावं लागे. पुढं जग्वारनं कुलूप आत नेलं. आता ज्या गाडीला ते गैरसोयीचं कुलूप आहे ती जास्त महाग. त्या काळात पायाखालचा पत्राही सपाट असायचा, त्यामुळं उंच माणसाला पाय कुठं ठेवावेत कळेना. १९६२च्या सुरुवातीला तिथं खळगा आला. आज सपाट पत्र्याची गाडी घेण्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात आणि गुडघे आखडून बसतात. गिऱ्हाइकांच्या ज्या तक्रारींमुळं कारखान्यानं सुधारणा केल्या, नेमक्या त्या तक्रारींनाच आता भाव आहे.

चुंबकाचा खरा खेळ जग्वारच्याच एक्सके १२० वर. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा एवढी मागणी येईल असं कंपनीलाही वाटलं नव्हतं. म्हणून पहिल्या दोनशे चाळीसेक गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमची केली. १९५० पासून पोलादी सुरू झाली. नवशिका जाणकार चुंबक बॉनेटला लावतो, ते चिकटत नाही, आणि तो नाचायला लागतो. राव गालात हसतात. पोलादी गाडीतही दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच होतं! राव चुंबक मडगार्डाला लावतात. ते चिकटलं की गाडीची किंमत खाली. नाही चिकटलं, तर राव मालकाला चिकटतात.

पोर्शेचंही तसंच. १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवलेल्या गाडीचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोनं हक्क सांगितला, म्हणून पोर्शेनं शून्य काढून एक घातला आणि ९११ जन्माला आली. तोवर ८२ गाड्या ९०१ म्हणून बनल्या होत्या. त्यांतली ५७ नंबरची २०१४ साली जर्मनीतल्या एका गोठ्यासारख्या पडवीत भंगार होऊन पडलेली सापडली, आणि पोर्शेच्या संग्रहालयानं ती विकत घेऊन तीन वर्षं खपून उभी केली. आणि फेरारी २५० जीटीओ तर एकूण ३६च. त्यांतली एक २०१८ साली लिलावात चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरला गेली. एवढी रक्कम मोजणारा चासीवरचा ठोकलेला नंबर भिंगातून बघणारच. त्या भिंगामागचा डोळा म्हणजे ओरिजिनलराव.

आपल्याकडची गंमत आणखी वेगळी. एमजीए गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिन आणि पुढं आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलेलं इंजिन एकाच घराण्यातलं. त्या काळी इंग्लंडहून पार्ट मागवायचा तर परवाना लागायचा, आणि ॲम्बेसेडरचा पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळायचा. कोण परवान्याच्या मागं लागणार? त्यामुळं एखादी नाजूक एमजीए सुरू झाली आणि आवाजावरून टॅक्सी आल्यासारखं वाटलं, की राव डोळे मिटून घेतात. क्रोमही त्यांना सहन होत नाही. ज्या नटांवर मूळचं कॅडमियमचं मळकट प्लेटिंग होतं तिथं आरशासारखं क्रोम पाहिलं, की ते गंजाचीही बाजू घ्यायला तयार होतात. "गंज तरी खरा असतो," म्हणतात.

राहतं घर पाहिलं तर रावांकडं टीसीचं हँडबुक आहे, जॅक आहे, हातपंप आहे, पान्यांचा कापडी बटवा आहे. सगळं ॲबिंग्डनचं, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. गाडी नाही. चोरबाजारातून आणलेला जॅक दिवाणाखाली आहे आणि झाडू मारताना रोज लागतो. "अहो, एकतर गाडी आणा, नाहीतर हा जॅक काढा," असं वहिनी दर दिवाळीला सांगतात. "गाडी मिळते गं," राव समजावतात, "जॅक मिळत नाही."

रावांना चिडवायचं असेल तर 'ओल्ड नंबर वन' एवढे तीन शब्द पुरतात. ह्या नावाच्या बेंटलीनं १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, मग घेणाऱ्यानं ही खरी ती गाडीच नाही म्हणून हात वर केले. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. शर्यतीच्या वेळचं फारसं काही तीत उरलेलं नाही हे पुराव्यांत दिसलंच. तरी न्यायाधीशांनी निकाल दिला की तिला ओरिजिनल म्हणता येणार नाही, पण अस्सल 'ओल्ड नंबर वन' हीच; कारण पार्ट बदलत गेले तरी तिचा इतिहास कुठं तुटला नाही, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही. मालक जिंकला. "न्यायाधीशांनी बोल्ट बघितले होते का?" रावांचा सवाल अजून कायम आहे.

आपल्या सरकारवर मात्र ते खूश आहेत. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या गाडीलाच विंटेज ठरवलं आणि तिच्यासाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट दिली. रावांच्या मते स्वातंत्र्यानंतर परिवहन खात्यानं केलेलं हे एकमेव शास्त्रशुद्ध काम.

तेव्हा वाचकहो, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात असेल तर ओरिजिनलरावांना बरोबर न्या, रिक्षाचे पैसे द्या आणि चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, आर.सी. बुक ह्यांचा मेळ त्यांच्याकडूनच घालून घ्या. तुमचे काही लाख वाचतील. गाडी विकायची असेल तेव्हा मात्र ते गावाला गेल्याची खात्री करा आणि मगच जाहिरात द्या.