चोर सोडून संन्याशाला केबल

जुन्या टीव्हीच्या पाठीवर लाल, हिरवं, निळं अशी तीन भोकं असतात. कंपोनंट केबलची ही त्रिमूर्ती १०८०आय चित्र बिनबोभाट वाहून नेते. तरी नव्या ब्लू-रे प्लेअरच्या मागे डोकावावं, तर चित्रासाठी एकटं एचडीएमआय. याला प्रगती म्हणायची पद्धत आहे. वास्तविक ते परवान्यातलं कलम आहे. एएसीएस या कुलूपव्यवस्थेच्या अटींनुसार २०१० नंतर बनलेल्या प्लेअरने डिस्कवरचं चित्र कंपोनंटसारख्या अ‍ॅनालॉग वाटेने सोडायचं ते साध्या दर्जाचंच, आणि २०१३ नंतर बनलेल्याने तेही नाही. का, तर चोरी थांबावी. हेतू रास्तच, पण एचडीएमआयच्या दारावरचा पहारेकरी जो एचडीसीपी, त्याची मुख्य किल्लीच २०१० साली चव्हाट्यावर आली. चोर डिजिटल दारातून निघून गेले, अडकला तो पैसे मोजून डिस्क घेणारा. ‘मग नवा टीव्ही घ्या की!’ असं म्हणणाऱ्यांनी धडधाकट टीव्हीचा गुन्हा तेवढा सांगावा. आवाजाचं त्यातल्या त्यात बरं. प्लेअरला ऑप्टिकल भोक असलंच, तर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पानात डॉल्बी डिजिटल पडतं. ट्रूएचडीचं पक्वान्न मात्र एचडीएमआयच्या पंगतीतच वाढतात.