एक्केचाळिसाव्या सहस्रकाचं ऑडिट

बँकेत ऑडिटर म्हणून जन्म काढलेल्या माणसाने मुलाकडे पाहुणा म्हणून गेल्यावर निदान खेळण्यांचे हिशेब तरी तपासू नयेत. मला ते जमलं नाही. मुलगा नॉटिंगहॅमला असतो. नातवाच्या टेबलावर चिलखत घातलेल्या बोटभर सैनिकांची फौज उभी होती. खेळाचं नाव ‘वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड’, कथा एक्केचाळिसाव्या सहस्रकातली. तो काढणारी कंपनी त्याच गावची. फासे टाकायचे, टेपने इंच मोजायचे आणि लढायचं. नियम काही मला झेपले नाहीत. पण प्रत्येक फौजेला छापील इतिहास आहे हे कळलं, आणि मी लाल पेन मागवलं.

पहिला आक्षेप १९८७ च्या मूळ पुस्तकावर. परग्रहवासी दिसला की गोळी घालणाऱ्या अल्ट्रामरीन्स या फौजेत तेव्हा लायब्ररियन हुद्द्याचा एक जण चक्क निम्मा एल्डार, म्हणजे अर्धा परग्रहवासीच होता! पुढच्या पुस्तकांतून हे गृहस्थ असे गुल झाले, की बुडीत कर्जदाराने शिकवणी लावावी.

दुसरा आक्षेप स्क्वॅट, म्हणजे अंतराळातले बुटके. नव्वदच्या दशकात ते यादीतून गळाले. नंतर सांगण्यात आलं, टायरनिड नावाच्या परग्रहवासी झुंडींनी त्यांना खाल्लं. २०२२ मध्ये ‘लीग्ज ऑफ व्होटान’ असं भारदस्त नाव लावून मंडळी पुन्हा हजर. खाल्लेला माल परत जमा, आवक नोंद कुठेच नाही.

तिसरा आक्षेप नेक्रॉन. २००२ च्या कोडेक्समध्ये, म्हणजे फौजेच्या पुस्तकात, हे धातूचे सांगाडे सी’तान देवांचे मुके गुलाम. २०११ च्या कोडेक्समध्ये त्यांची राजघराणी निघाली, मानपान निघाले, आणि त्याच देवांचे त्यांनी बंड करून तुकडे केल्याचं निघालं. बंड कोट्यवधी वर्षांपूर्वीचं; छापखान्यात खबर मात्र तेव्हा पोचली!

शेवटच्या आक्षेपाला तर माझा हात थरथरला. ‘डार्क इम्पेरियम’ ही २०१७ ची कादंबरी २०२१ मध्ये तारखा बदलून पुन्हा काढली. कथेत शंभरेक वर्षं चाललेली मोहीम बाराएक वर्षांवर आली. छापून झाल्यावर तारखेत खाडाखोड! आमच्याकडे याला सस्पेन्शन होतं.

हे सगळं वहीत उतरवून मी नातवाबरोबर त्याच्या क्लबात गेलो. दाढीवाल्या, मायाळू मंडळींनी वही आदराने वाचली आणि मला चहा दिला. म्हणाले, या खेळातल्या माणसांच्या साम्राज्यात दप्तरं जळतात, नक्कल करणारे कारकून चुकतात, धर्माधिकारी पानं फाडतात. छापलेलं सगळं अधिकृत, पण सगळं खरं नव्हे. विसंगती सापडली, की समजायचं, कोणीतरी खोटं बोलतंय. इतकी भक्कम सबब मला एकाही शाखा व्यवस्थापकाने दिली नव्हती.

त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क गृहस्थांनी मग खरा व्हाउचर काढला. या विश्वातलं महायुद्ध म्हणजे होरस हेरसी: सम्राटाचा लाडका पुत्र उलटतो आणि माणसं माणसांशी लढतात. त्यावर २००६ पासून पन्नासाहून अधिक कादंबऱ्या आल्या. पण मुळात १९८८ मध्ये ‘ॲडेप्टस टायटॅनिकस’ या खेळाच्या खोक्यात महाकाय यंत्रं घालायची होती, आणि साचा होता एकच. दोन्ही बाजूंना हुबेहूब तीच यंत्रं. मग दोन्ही बाजू माणसांच्याच हव्यात, म्हणून यादवी. थोडक्यात, साचा परवडेना म्हणून पोराने बापाशी द्रोह केला.

मी तिथेच जाहीर केलं की नातवाच्या फौजेचा इतिहास मी लिहितो. अनुक्रमांक, तारीख, साक्षीदार, एक काना इकडचा तिकडे नाही. पहिल्याच पानावर मी सेनापतीला वीरमरण दिलं. वाचताना माझेच डोळे पाणावले.

तेवढ्यात नातवाने सेनापतीची बाहुली रंगवायला माझ्याकडे दिली. चष्म्यावर भिंग धरून मी तिचे खांदे सोनेरी केले, डोळ्यांत तांबडा ठिपका दिला. फौजेत एवढं देखणं दुसरं कोणी नव्हतं. तिसऱ्या पानावरचा हल्ला मग साहजिकच सेनापतीने केला.

“आजोबा, हा तर पहिल्या पानावर मेला ना?” नातवाने विचारलं.

“ती शत्रूने उठवलेली अफवा,” मी म्हणालो, आणि समासात साक्षीदार म्हणून स्वतःची सही ठोकली.