भेकराने मान वाकवून जावे

रस्ता कुठलाही असो, त्याच्या पर्यावरण अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी सध्याच्या मोऱ्या पुरेशा आहेत. अहवाल वीस पानी असो की दोनशे पानी, वाक्य तेच. बहुधा शिक्काच करून ठेवला असावा.

तर या पुरेशा मोरीचं दर्शन घ्यावं म्हणून माणगावहून म्हसळ्याला येताना घोणसे घाटात गाडी बाजूला घेतली. मोरी म्हणजे सिमेंटचा ह्यूम पाइप, व्यास मीटरभर. डोंगराकडच्या तोंडाशी पाणी अडवायला चौकोनी हौद, कमरेएवढा खोल, सरळसोट भिंतींचा. दरीकडचं तोंड जमिनीपासून दोन हात वर, अधांतरी. मध्ये गाळ, वेफर्सची पाकिटं आणि कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या पत्रावळ्या. म्हणजे पाण्यावर निघालेल्या भेकराने आधी हौदात उडी घ्यायची, मग मान वाकवून गाळ तुडवत पलीकडे जायचं आणि शेवटी दोन हात खाली उडी टाकायची. परतताना हाच कार्यक्रम उलट्या क्रमाने. पिल्लू बरोबर असेल तर त्याला पुढे घालायचं की मागे ठेवायचं, याबद्दल अहवाल गप्प आहे.

आता खरं सांगायचं तर भेकर पाइपात मावतं. रानडुक्करही मावेल. साळिंदराला तर बिळाचीच सवय, त्याची तक्रार नाही. बिबट्या मे महिन्यात गारव्याला मोरीत जाऊन बसेलही, पण त्याला ये-जा म्हणत नाहीत, वामकुक्षी म्हणतात. अडचण मावण्याची नाही, उजेडाची आहे. हरणासारख्या जनावराला भुयारातून पलीकडचं रान दिसावं लागतं. नाही दिसलं तर ते तोंडाशीच थबकतं आणि मुकाट वर चढून डांबरावर येतं. याचं गणितही मांडून झालंय: तोंडाचं क्षेत्रफळ भागिले भुयाराची लांबी. अमेरिकेतल्या हरणांवरून हा आकडा किमान 0.6 असावा असं निघालं. आपल्या पाइपाचं तोंड पाऊण चौरस मीटरच्या किंचित वर. रस्ता बारा मीटरचा धरला तर उत्तर येतं 0.065. नऊ पटींनी नापास! पुढे गंमत अशी, की रस्ता रुंद केला की वरून गाड्या सुसाट सुटतात आणि खाली पाइप लांबतो. बाराचे चोवीस मीटर केले की आकडा आणखी निम्मा. एस्टिमेटात या प्रकाराला मोरीचे रुंदीकरण म्हणतात. तोंड होतं तेवढंच, पोट तेवढं वाढलं.

बरं, हे कुणाला जमतच नाही असंही नाही. पेंचच्या जंगलातून जाणारा नागपूर–सिवनी रस्ता चौपदरी करताना वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली आणि महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी रस्त्याखालून 9 वाटा ठेवाव्या लागल्या. सगळ्यात अरुंद वाट 50 मीटरची, सगळ्यात रुंद 750 मीटरची. 2019 मध्ये कॅमेरे लावून पाहिलं तर खालून चक्क वाघ जात होते. वाघाला कुणी अहवाल वाचून दाखवला नव्हता. पलीकडचं रान दिसलं, तो गेला. पण आमच्याकडे वाघ नाही ना! वाघ नसला की सगळं मोरीवर भागतं. बेडकासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

आणि म्हसळ्याचा खरा पादचारी बेडूकच. मिरगाची पहिली सर दणकून कोसळली की त्या रात्री अख्खं रान रस्त्यावर उतरतं. बेडूक, मुठे नावाचे खेकडे, बेडकांच्या मागावर साप, आणि मुठ्यांच्या मागावर बॅटऱ्या नि पोती घेतलेली आपली मंडळी. नेमकी त्याच रात्री मोरी तिचं मूळ काम करत असते: पाणी वाहून नेणं. तुडुंब! ज्या चार रात्री वाट हवी, त्याच चार रात्री वाट बंद; उरलेले आठ महिने कोरडी ठणठणीत, खुशाल जा. निदान वळगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांची तरी सोय व्हावी? तीही नाही. पाइपाचं तोंड दोन हात अधांतरी, मासे उड्या मारमारून थकतात आणि खाली जाळं लावून बसलेल्यांचं फावतं. भर पाण्याच्या वाटेतून मासासुद्धा जाऊ नये, हे साधायला इंजिनिअरिंगची पदवी लागते. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावात 1987 साली सॅलॅमँडरसाठी, म्हणजे बेडकाच्या चुलतभावासाठी, रस्त्याखाली बोगदे केले. वरून फटी ठेवल्या, कारण आत ओल आणि उजेड नसेल तर तो जीव शिरत नाही. ख्रिसमस बेटावर लाल खेकड्यांसाठी रस्त्यावरून पूल बांधलाय, आणि खेकडे तो चढतात. आमच्या मुठ्यांना पूल नको हो. पहिल्या पावसाच्या रात्री दोन तास डंपर थांबवा, बस. पण तेवढंही होत नाही, आणि सकाळी शाळेला निघालेली पोरं कवचांच्या चुऱ्यावरून सायकली काढतात. लाज कुणालाच नाही, कारण चुऱ्याचा पंचनामा होत नाही.

यावर हल्ली एक हुशार उपाय सुचवतात. सेन्सर लावा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा कॅमेरा लावा, बिबट्या दिसला की ड्रायव्हरच्या मोबाइलवर मेसेज. घाटात माझ्या फोनला रेंज नाही. बिबट्याचा मेसेज मिळेल तेव्हा मी म्हसळ्याच्या स्टँडवर भजी खात असेन. ज्या जिल्ह्यात 2011 पासून मुंबई–गोवा रस्ता रुंद होतोच आहे, तिथे लुकलुकणारे दिवे पावसाळ्यात चालू राहतील असं मानणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आधी साइडपट्टी भरा. नंतर बुद्धिमत्ता.

तेव्हा साहेब, एक विनंती. पुढच्या पाहणीला रस्त्याने येऊ नका. मिरग लागला की या, रात्रीचे या आणि मोरीतून या. पुरेशी आहे ना? डोंगराकडून आत शिरा, मी दरीच्या बाजूला चहा घेऊन उभा राहतो. जाळं लावून बसलेल्या पोरांनाही सांगून ठेवतो, तुम्ही आलात तर सोडून देतील.