दुकान उघडं आहे

रात्री चॅनेल बदलता बदलता मध्येच एखादा इंग्रजी सिनेमा लागतो. गोष्ट निम्मी होऊन गेलेली असते, कोण कोणाच्या जिवावर का उठलंय ते कळत नसतं, आणि तेवढ्यात दार उघडून एक गृहस्थ आत येतो. केस कपाळापासून सरळ वर उभे. डोळे फिकट, आणि पापण्या लवण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. तो काहीच करत नाही, समोरच्याला नुसतं "बसा" म्हणतो. पण आपण हातातला रिमोट खाली ठेवतो. आता एक तर त्या समोरच्याचा मुडदा पडणार, नाही तर हे गृहस्थ नाचायला लागणार. दोन्ही त्यांनी भरपूर वेळा केलेलं आहे.

क्रिस्टोफर वॉकन. जन्म 31 मार्च 1943. सिनेमे शंभराच्या वर. नाटकं, टीव्ही, गाण्यांचे व्हिडिओ वेगळे. त्याच्यावर लिहायला बसलेला प्रत्येक जण 'गूढ', 'अथांग' आणि 'अस्वस्थ करणारा' हे तीन शब्द खिशात घेऊनच बसतो. मुलाखतीला गेलेले पत्रकार त्याच्या डोळ्यांत अंधार शोधतात आणि तो त्यांना मांजरांच्या आणि स्वयंपाकाच्या गोष्टी सांगत बसतो. त्यांना वाटतं, लपवतोय. मला नाही तसं वाटत. हा माणूस मुळात दुकानदार आहे. सकाळी शटर वर करायचं, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीत आपण पडायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. बाकीचं गूढ केसांमुळे.

दुकान खरोखरचं होतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ॲस्टोरिया म्हणून वस्ती आहे, तिथे त्याच्या वडिलांची बेकरी होती. वडील पॉल जर्मनीहून आलेले, आई रोझली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. मुलगे तीन, त्यांतला हा मधला. बेकरीवाल्याच्या घरात पोरांना रिकामं बसू देत नाहीत. डोनटच्या पोटात जॅम भरायचं काम याच्या वाट्याला होतं. आता हे काम वरवर क्षुल्लक दिसतं. पण प्रत्येक डोनटला तेवढाच जॅम, आणि खाणारा कोण हे विचारायचं नाही, ही शिस्त ज्याच्या हाताला लहानपणी लागली त्याने पुढे वाईट सिनेमातसुद्धा जॅम कमी भरला नाही.

आईला सिनेमाचं वेड. रोनाल्ड कोलमन या नटावरून तिने या मधल्या मुलाचं नाव रोनाल्ड ठेवलं आणि पाठोपाठ तिघांनाही टीव्हीच्या दारात नेऊन उभं केलं. 1950 च्या दशकात टीव्हीचे कितीतरी कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रसारित होत आणि मागे-पुढे वावरायला मुलं लागत. त्या काळी आम्हाला सामानासुमानासारखं वापरत, असं तो स्वतःच सांगतो. तक्रारीच्या सुरात नाही. टेबलाने काय तक्रार करायची? याच सुमारास जेरी लुईसबरोबर एका विनोदी प्रवेशात उभं राहायला मिळालं आणि पोराने ठरवलं की आपलं दुकान हेच.

पण मध्ये सिंह आला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, रोनाल्ड फिरत्या सर्कशीत सिंहाच्या पिंजऱ्यात काम करत होता. टेरेल जेकब्ज नावाचा रिंगमास्तर. त्याला मुलबाळ नव्हतं, पण जाहिरात बाप-लेकाच्या खेळाची होती. मग या लेकाला बापासारखाच हुबेहूब पोशाख शिवला. बाप सगळे सिंह खेळवायचा, एकेक करून बाहेर घालवायचा, आणि एकच सिंहीण उरली की चिरंजीव चाबूक घेऊन आत शिरायचे. तिचं नाव शीबा. वयस्कर, गरीब स्वभावाची. चाबूक हवेत फिरला की शीबा सावकाश उठायची, बसायची, मनात आलं तर एखादी डरकाळी द्यायची. मला तर वाटतं, त्याचा खरा गुरू शीबाच. काहीही न करता तंबूभर माणसं श्वास रोखून बसवायची आणि मनात आलं तर एखादी डरकाळी: पुढची साठ-सत्तर वर्षं याने दुसरं काय केलं?

कॉलेजात एक वर्ष काढून त्याने ते सोडलं, कारण एका संगीत नाटकात काम मिळालं. गिऱ्हाईक आलं होतं. पुढे मोनिक व्हान व्होरेन या गायिकेच्या नाइट क्लबच्या कार्यक्रमात तो नाचत असे. तिला रोनाल्ड हे नाव काही पटेना. तिने त्याचं क्रिस्टोफर केलं. दुसरा कोणी असता तर ओळख, अस्मिता वगैरे काढून बसला असता. याने पाटी बदलली आणि आत कामाला गेला. नाव या गोष्टीची फारशी आच नसणं एका अर्थी बरंच झालं, कारण 1977 च्या 'ॲनी हॉल'मध्ये, रात्री गाडी चालवताना समोरून येणाऱ्या दिव्यांवर गाडी घालावीशी वाटते असं शांतपणे सांगणाऱ्या भावाची चिमुकली भूमिका त्याने केली, लोकांना ती विसरता येईना, आणि श्रेयनामावलीत आडनावाची अक्षरं उलटीपालटी होऊन 'व्लाकेन' छापून आलं.

पुढच्याच वर्षी 'द डिअर हंटर'. पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्यातला निक, व्हिएतनामच्या युद्धात जातो आणि परत येतच नाही. सायगावमध्ये पिस्तुलात एकच गोळी घालून स्वतःच्या कानशिलाला लावण्याचा जुगार खेळत राहतो. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. या भूमिकेबद्दल विनोद करावासा वाटत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

ऑस्कर मिळाल्यावर नट निवडक होतात. पटकथा वाचून बाजूला ठेवतात, 'योग्य भूमिकेच्या शोधात' दोन-तीन वर्षं घरी बसतात. वॉकनच्या डोक्यात हे शिरलंच नाही. मला मुलं नाहीत, छंद नाहीत, मी गोल्फ खेळत नाही, सुट्टीवर जायला आवडत नाही, मग काम आलं तर का करू नये, असा त्याचा बिनतोड हिशेब. बायको जॉर्जियान भेटली तीही कामावरच, 'वेस्ट साइड स्टोरी'च्या दौऱ्यात. लग्न 1969 मध्ये. पुढे ती नट निवडण्याच्या व्यवसायात शिरली आणि 'द सोप्रानोज'सारख्या मालिकेसाठी पात्रनिवड करून नावाजली. म्हणजे घरात एक जण काम देणारा आणि एक जण घेणारा. अशा घरात निवृत्तीचा विषय काढणार कोण?

मग जे आलं ते घेतलं. बाँडपटातला खलनायक आला, घेतला. 'अ व्ह्यू टू अ किल' (1985) मधला हा मॅक्स झोरिन गोल्डन गेट पुलावर लोंबकळतोय, हात सुटत चाललाय, खाली समुद्र. इथे खलनायकाने किंचाळायचं असतं. हा पडण्याआधी क्षणभर खुदकन हसतो. जणू कोणीतरी कानात विनोद सांगितला. आख्ख्या सिनेमातलं हवाई जहाज, स्फोट, पाठलाग आपण विसरतो आणि ते हसू तेवढं राहतं.

या पद्धतीचा कळस म्हणजे 2003 ची सुरुवात. स्पीलबर्गच्या 'कॅच मी इफ यू कॅन'मध्ये त्याने डिकॅप्रिओच्या बापाचं काम केलं होतं: पत गेलेला, बायको गेलेली, तरी मुलासमोर कॉलर ताठ ठेवणारा बाप. त्याबद्दल ऑस्करचं नामांकन आलं, ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार तर हातातच पडला. आणि नेमक्या त्याच मोसमात, वाईटातल्या वाईट कामाला चिडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रास्पबेरी पुरस्काराचंही नामांकन आलं, 'द कंट्री बेअर्स'साठी. यात तो गाणाऱ्या-बजावणाऱ्या अस्वलांचं सभागृह पाडायला टपलेला सावकार आहे. बापाचं काम आणि अस्वलांचा वैरी, दोन्ही 2002 चा माल, एकाच भट्टीतला. पुढच्या वर्षी 'जिली' आणि 'कांगारू जॅक' असे दोन सिनेमे मिळून पुन्हा रास्पबेरीचं नामांकन झालं. कुणीतरी त्याला थांबवायला हवं होतं असं समीक्षकांना वाटतं. मी 'कंट्री बेअर्स' पाहिलाय. त्यात मनापासून काम करणारा एकच प्राणी आहे आणि तो अस्वल नाही.

आता बोलण्याविषयी. अमेरिकेत ज्याला वॉकनची नक्कल येत नाही तो नकलाकारच नव्हे, आणि ज्याला येते त्याला बऱ्याचदा तेवढीच येते. कारण हा गृहस्थ वाक्य कुठे तोडेल ते सांगता येत नाही. यामागे कारस्थान आहे. पटकथा हातात आली की तो पेन घेऊन सगळी विरामचिन्हं खोडून टाकतो. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, सगळी. कुठे थांबायचं ते लेखकाने का सांगावं? मग सपाट झालेली ती शब्दांची रांग स्वयंपाकघरात उभ्याने, काही शिजत ठेवून, पुन्हा पुन्हा म्हणत राहायची, आणि जिथे सापडेल तिथे थांबायचं. आपल्याकडे एखाद्याने "रविवारी तुमच्याकडे जेवायला आलो तर चालेल का?" असं विचारलं तर आपण आनंदाने हो म्हणू. तेच वॉकनच्या चालीत: "रविवारी तुमच्याकडे. जेवायला आलो तर चालेल का तुमच्याकडे रविवारी." आपण त्या रविवारी बाहेरगावी जातो.

तो म्हणतो, यात माझी काही कला नाही. ॲस्टोरियात माझ्या लहानपणी जो तो परदेशातून आलेला, कोणाचंच इंग्रजी सरळ नव्हतं, आईबापांचंही नाही. परक्या भाषेत बोलणारा माणूस शब्द शोधायला थांबतो तिथे हा थांबतो. म्हणजे ज्याला जग भीतिदायक शांतता समजतं, तो ब्रेडच्या काउंटरवर सुट्टे पैसे मोजतानाचा विराम आहे.

त्याचं सोनं कसं होतं ते 'पल्प फिक्शन'मध्ये (1994) बघावं. एकच प्रवेश. लष्करी गणवेशातला कॅप्टन कून्स एका लहान मुलासमोर गुडघ्यावर बसतो आणि त्याच्या मेलेल्या बापाचं सोन्याचं घड्याळ त्याला देतो. पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धाच्या वेळी विकत घेतलेलं, आजोबा दुसऱ्यात कामी आले, बाप व्हिएतनामच्या छावणीत कैदेत. आवाजात इतकं गांभीर्य की आपलाही हात छातीशी जातो. आणि त्याच गांभीर्याने, एक सूर न बदलता, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बापाने ते घड्याळ पाच वर्षं आणि त्याच्यानंतर कून्सने दोन वर्षं शरीरात कुठे लपवलं होतं ते तो सांगतो. ती जागा इथे छापण्यासारखी नाही. मूल घड्याळ घेतं. हसावं की उभं राहून सलाम करावा ते कळत नाही.

नाचाचं मात्र त्याला खरंच प्रेम. मूळचा तो नाचणाराच, नट नंतर. 1981 च्या 'पेनीज फ्रॉम हेवन'मध्ये बारमध्ये कपडे उतरवत त्याने टॅप नृत्य केलं. 2001 मध्ये फॅटबॉय स्लिमच्या गाण्याचा व्हिडिओ आला: लॉस एंजेलिसच्या मॅरियट हॉटेलची रिकामी लॉबी, खुर्चीत सूट घालून पेंगणारा म्हातारा सेल्समन वाटावा असा वॉकन. गाणं सुरू होतं, मान हलते, आणि मग उठून तो सरकते जिने, आरसे, टेबलं काही सोडत नाही. शेवटी तर वरच्या कठड्यावरून हवेत सूर मारून लॉबीभर उडतो. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. या वयात आपण लॉबीत असतो तेव्हा खोलीची चावी कधी मिळते एवढंच बघतो.

आपल्याकडच्या मुलांना तो 2016 च्या 'जंगल बुक'मध्ये भेटला असता. त्यात अवाढव्य वानर किंग लुईला त्याचा आवाज आहे. पण बऱ्याच मुलांनी सिनेमा हिंदीत पाहिला, तेव्हा वॉकन गेला आणि शेरखानच्या तोंडून नाना पाटेकर ऐकू आले. हे दोघे एकाच आवृत्तीत नाहीत हे एक प्रकारे ठीकच झालं. विराम कुठे घ्यायचा यावर लेखकाचं न ऐकणारी दोन माणसं एका जंगलात आल्यावर मोगली घरी कधी पोचला असता?

मोबाइल नाही, कॉम्प्युटर नाही, ईमेल कधी केलेलं नाही. शूटिंगला असताना निर्मातेच त्याच्या हातात फोन देतात, म्हणजे त्यांना तो सापडावा. 'सेव्हरन्स' ही त्याची मालिका जग इंटरनेटवर बघत होतं तेव्हा त्याला मात्र तिच्या डीव्हीडी पाठवाव्या लागल्या. केसांचं म्हणाल तर पोरवयात एका मुलीने एल्व्हिस प्रेस्लीचा फोटो दाखवला होता. त्या दिवसापासून ते उभे आहेत.

फॅटबॉय स्लिमच्या त्या गाण्याच्या शब्दांत 'ड्यून' या कादंबरीतला एक सल्ला येतो: वाळूत महाकाय अळी असते, ती तालावर धावून येते, तेव्हा चालताना ताल सोडून चाला. वॉकनने त्या गाण्यावर आख्खा व्हिडिओ तालात नाचून काढला. तेवीस वर्षांनी, 2024 मध्ये, 'ड्यून'वरच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागात सम्राट शद्दाम म्हणून तो पडद्यावर आला. ऐंशी उलटून गेलेली, अंगावर जड झगा, भोवती सैन्य. काम आलं होतं, तो गेला. सम्राटाला फारसे संवाद नाहीत. जे आहेत त्यांत एकही स्वल्पविराम जागेवर नाही.