पालकसभेस जाण्याचा शास्त्रोक्त विधी

वहीच्या पानावर लाल शाईत ‘पालकांनी येऊन भेटावे’ एवढं उमटलं, की घरात पहिला प्रश्न होतो, ‘काय केलंस?’ शास्त्राप्रमाणे पहिला प्रश्न ‘कधी बोलावलंय?’ हा आहे. हा क्रम मी स्वतः एकदाही पाळलेला नाही, हे आधीच कबूल करतो. पथ्य सांगणाऱ्या वैद्याने ते पाळलंच पाहिजे, असं थोडंच आहे?

नियम पहिला: आसन. सभा पाचवीच्या वर्गात भरते, तेव्हा बाकंही पाचवीच्याच मापाची. गुडघे पोटाशी येतात आणि कर्कटकाने कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरं कोपराला टोचतात. कचेरीत लोकांना दोन-दोन तास ताटकळत ठेवणारा माणूसही या बाकावर बसला की हळू बोलायला लागतो. खुर्ची मागू नये. जमल्यास आपल्या चिरंजीवांच्याच जागेवर बसावे. फळ्यावर उजवीकडून किती झळक येते ते मला तिथे बसल्यावर समजलं. तोवर मी त्याच्या चुकलेल्या आकड्यांना धांदरटपणा म्हणत होतो.

नियम दुसरा: शस्त्रास्त्रे घरी ठेवावीत. मी एकदा परिसर अभ्यासाची उत्तरपत्रिका घडी घालून खिशात नेली होती. साडेसतरा गुण. माझ्या मते अठरा. चाळीस पालक, एक बाई, आणि मी उभा राहून ‘नदीच्या काठी वस्ती का होते’ यावर बोलतोय. बाईंनी शांतपणे अर्धा गुण वाढवला. विजयी मुद्रेने घरी आलो, तर चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, ते उत्तर मी शेजारच्याचं बघून लिहिलं होतं.’ तो अर्धा गुण परत करण्याचा विधी कुठल्याच ग्रंथात सापडला नाही.

रात्री साडेदहाला ‘बाई, उद्या चित्रकलेची वही आणायची का?’ असा संदेश पाठवू नये. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अध्यापनाबाहेर तीनच कामांना जुंपता येतं: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. साडेदहाचा पालक यांपैकी कशातच बसत नाही. आपत्तीत बसतो म्हणा.

कायद्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. २००९च्या याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारख्या ठिकाणी तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा कारभार बघायचा, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे गेलं ते विचारायचं, एवढा अधिकार. म्हणजे मुतारीच्या नळाला पाणी नाही, ही जी चर्चा आपण फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून करतो, ती आत बसून करायची सोय आहे. पण मुख्याध्यापकांनी ‘कोण कोण येतंय समितीवर?’ विचारलं, की सगळा वर्ग पंख्याकडे बघतो. मीही बघितलं. त्याला तीन पाती होती. शेवटी ज्या बाईंना सकाळी शेतावर आणि दुपारी शिलाईवर जायचं असतं, त्यांनीच हात वर केला. नळ आता चालतो.

भोजनाचा नियम सोपा आहे. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चाखायचा असतो, आणि चाखणाऱ्यांत एक तरी शिक्षक लागतो. ‘मीही चाखू का?’ असं विचारून बघावे. मी विचारलं. मीठ ठीक आहे की नाही याची खात्री पटायला मला तीनदा चाखावं लागलं. पण खरी गंमत पुढेच होती. घरी मटकीचं नाव काढलं तरी ताट सरकवणारा आमचा मुलगा रांगेत दुसऱ्यांदा उभा होता, आणि पुढच्या लहान पोराचं ताट सांडू नये म्हणून खालून हात धरत होता. हा मुलगा मी आधी पाहिलेला नव्हता.

आता शेवटचा नियम, रजेच्या अर्जाचा. आपण सगळे त्यात एकच लिहितो: ‘घरगुती कारणास्तव.’ माझी आई गेली तेव्हा मीही तेच लिहिलं. पंधरा दिवसांनी लाल शाई आली. मी तावातावाने गेलो. कुणी मारलं-बिरलं असेल, तर काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. बाई म्हणाल्या, ‘हल्ली तो डबा उघडतच नाही. शनिवारी लाडू असायचे ना? आजी देते म्हणून सगळ्यांना वाटायचा. घरी काही झालंय का?’

मला पाठ केलेलं काहीच आठवेना. सांगितलं. बाई थोडा वेळ वहीवरच्या कव्हराचा कोपरा सरळ करत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘अहो, अर्जात लिहायचंत की.’

तर कारण लिहावे. आजी गेली, बापाची नोकरी गेली, घरात भांडणं चालली आहेत, जे असेल ते दोन ओळींत. लाज वाटली तर बाईंना एकांतात भेटून सांगावे. मधल्या सुट्टीत नाही, तेव्हा त्यांचाही डबा असतो. शाळा सुटल्यावर.

पुढची सभा शनिवारी अकराला आहे. वेळेवर या, मागची बाकं आधी भरतात.