फोटोंचं बिऱ्हाड

"सगळं आलं," जावई म्हणाला. "एकही फोटो हरवला नाही."

"मग ह्यांचा चेहरा असा उतरलेला का?" सासूबाईंनी विचारलं.

सासरेबुवांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेसाठी फोटो हवा होता. महाबळेश्वरचा, ज्यात ते चक्क हसले होते. दिवाळीत पाहिला तेव्हा त्यात गालांवर तुकतुकी होती आणि डोक्यावरून गेलेली विजेची तार गायब होती. आता तार परत आली होती, तुकतुकी गेली होती.

"हा मूळ रॉ फोटो आहे, आई. त्याच्यावरचं काम लाइटरूममध्ये केलं होतं. मी आता डार्कटेबलवर आलोय. ओपन सोर्स आहे, २००९ पासून चालू आहे. महिन्याला एक पैसा नाही."

"म्हणजे बिऱ्हाड हलवलंत."

"तसं म्हणा."

"आणि जुन्या भिंतींवरचा रंग टेम्पोत बसेल असं वाटलं तुम्हाला?"

जावयाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. समजावून सांगायला मिळालं की तो खुलतो. लाइटरूम मूळ फोटोला हातच लावत नाही, तो म्हणाला. उजेड इतका वाढवा, सावली तितकी उचला, तार पुसा, अशा सूचना कॅटलॉग नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं आणि फोटो दाखवताना त्या लागू करतं. पण या सूचना पाळणारं यंत्र ज्याचं त्याचं वेगळं. इथल्या 'शॅडोज +४०'चा तिथे काही अर्थ लागत नाही. डार्कटेबल लाइटरूमच्या एक्सएमपी फाइली, म्हणजे फोटोशेजारी ठेवता येणाऱ्या याच सूचनांच्या प्रती, वाचतं, फोटोच्या कडा कापणं वगैरे थोडी कामं अंदाजाने उचलतं, आणि बाकीची सोडून देतं.

"म्हणजे रंगाऱ्यासाठी लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलात," सासूबाई म्हणाल्या, "पण रंगारी जुन्या घरमालकाचा."

जावयाने मान डोलावली. उपमा अचूक होती, हेच त्याला लागलं.

"बरं, डब्यांवरची नावं तरी आली? कोण, कुठे, कुठलं लग्न?"

"फाइलींमध्ये लिहिलेली आली."

"आणि न लिहिलेली?"

"ती कॅटलॉगमध्ये होती. लाइटरूममध्ये एक खूण करून ठेवावी लागते, मग कीवर्ड, तारे, मथळे एक्सएमपीत आपोआप उतरतात. ती खूण मुळात केलेली नसते. आणि केली तरी कलेक्शन्स उतरत नाहीतच. 'आईबाबांचे निवडक' नावाचं कलेक्शन होतं, ते…"

"घरमालकाच्या वहीत राहिलं."

हे त्याचं पहिलं बिऱ्हाड नव्हतं. आधी पिकासा होतं. गुगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं, सगळ्यांना फुकट वापरू दिलं, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत सांगितलं की मार्चपासून बंद.

"महिन्याची नोटीस!" सासूबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "आमच्या चाळीच्या मालकाला निदान कोर्टाच्या पायऱ्या तरी झिजवाव्या लागल्या."

"म्हणून तर पुढे पैसे देऊन लाइटरूम ६ घेतलं. एकदाच मोजायचे, मग कायमचं आपलं."

"पागडी."

"पागडीच. पण २०१७ मध्ये अडोबीने जाहीर केलं की पुढची आवृत्ती अशी विकणार नाही. नवं हवं तर वर्गणी."

"अकरा महिन्यांचा करार."

"आणि ॲपलचं ॲपर्चर घेतलेल्यांचं काय झालं माहितेय? २००५ मध्ये आलं तेव्हा किंमत ४९९ डॉलर. २०१४ मध्ये कंपनीने सांगितलं, आता पुढे बांधणार नाही. दुसऱ्या वर्षी विक्रीतूनच काढलं."

"त्यांनी पण रंग दिला असेल हो भिंतींना," सासूबाई हळहळल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पुढे जावयाचा आवाज चढला.

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. दर वर्षी भाडं मी भरत होतो. ते थांबवलं यात चुकलं काय? आणि हे घर कोणी बंद करू शकत नाही. कोड उघडा आहे. एकाने सोडलं तर दुसरा चालवेल."

"ते पटलं," सासूबाई म्हणाल्या. "घर सोडलंत त्याबद्दल मी बोलतच नाहीये. निघताना काय घ्यायचं ते विचारलं नाहीत, त्याबद्दल बोलतेय. पत्रिकेचा प्रेसवाला म्हणाला, जुन्या प्रोग्रॅममधून जेपीईजी काढून ठेवायला हवे होते. रंगासकट."

"जेपीईजीवर पुन्हा मोकळेपणाने काम करता येत नाही. सावलीतला तपशील जातो. टिफ काढले तर डिस्क भरते. प्रेसवाल्याला काय जातंय सांगायला!"

"सावलीतला तपशील कोण बघणार आहे पत्रिकेत? ह्यांचे दात दिसले म्हणजे झालं."

"माझं इतक्या वर्षांचं काम आहे ते, आई!"

"म्हणूनच विचारतेय ना. आणि आता दर रविवारी तेच फोटो पुन्हा रंगवत बसलाय, माझी मुलगी मंडईतून एकटी पिशव्या ओढत येते. उद्या इथूनही हलाल, तेव्हा हा रंग तरी बरोबर येणार आहे का?"

जावयाने उत्तर दिलं नाही. डार्कटेबलही आपल्या सूचना आपल्याच भाषेत लिहितं, हे त्याला ठाऊक होतं.

"लाइटरूम काढून टाकलंत?" सासूबाईंनी जरा नरमून विचारलं.

"आज रात्री काढणार होतो. वर्गणी संपली, आता उघडणार थोडंच आहे."

"उघडून बघितलंत?"

त्याने बघितलं नव्हतं. करार न वाचता खोली सोडणारे सासूबाईंनी चाळीत पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे त्या पुढे काही बोलल्या नाहीत. वर्गणी संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडतं. कॅटलॉग दिसतो, फोटो शोधता येतात, आणि केलेल्या सगळ्या बदलांसकट जेपीईजी करून बाहेरही काढता येतात. बंद होतात ते डेव्हलप आणि मॅप हे दोनच विभाग.