विमान आहे की नाही, एकदा काय ते ठरवा!

माननीय अंडररायटर साहेब,

स. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. पत्राखाली सही नव्हती. ‘हे पत्र संगणकनिर्मित असल्याने सहीची आवश्यकता नाही’ एवढंच छापलं होतं. तेव्हा हे वाचणाऱ्या संगणकालाही माझा नमस्कार सांगावा.

माझा थर्ड पार्टी विम्याचा अर्ज आपण परत पाठवलात. कारण, ‘टाइप सर्टिफिकेट जोडलेले नाही’. साहेब, वस्तू अशी आहे : फोमचं रेडिओ कंट्रोल विमान, पंखांची लांबी दीड मीटर, वजन बॅटरीसकट १४०० ग्रॅम. रविवारी सकाळी मी माळावर उभा राहून, नजरेच्या टप्प्यात ते उडवतो. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या अशा हौशी विमानांना ‘मॉडेल’ म्हटलंय आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही, असं चक्क लिहिलंय. सरकारने माफ केलेला कागद आपण मागता. सरकारपेक्षा कडक असणं सोपं नाही, अभिनंदन.

विमा मात्र त्याच सरकारने माफ केलेला नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सूट. त्यावर थर्ड पार्टी हवाच, आणि त्याला मोटार वाहन कायदा, १९८८ लागू, योग्य त्या फेरफारांसह. म्हणजे माझं फोम आणि वाळूचा डंपर कायद्यापुढे समान. फरक एवढाच की डंपरवाल्याला पॉलिसी मोबाइलवर, उभ्या उभ्या मिळते.

मी आपले सगळे विभाग पालथे घातले. घराच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण आहे म्हणून तिकडे गेलो, तर अपवादांच्या यादीत पहिलंच नाव ‘विमान’. तिथे माझं फोम विमान ठरलं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! तो घेऊन विमान विभागात गेलो. तिथले गृहस्थ फोटो पाहून हसले आणि म्हणाले, “अहो, हे खेळणं आहे.” राहिला ड्रोन विभाग. तिथल्या अर्जात ‘वापराचा प्रकार’ निवडायचा असतो : फवारणी, सर्वेक्षण, चित्रीकरण. छंद नाही. एकाच इमारतीत, एकाच लिफ्टने फिरत असताना माझं विमान एका मजल्यावर नको इतकं खरं होतं आणि दुसऱ्यावर हसण्याइतकं खोटं.

आपल्या कॉल सेंटरच्या मुलीने मात्र मनापासून धडपड केली. रात्री आठला फोन आला, मागे आणखी दहा जणांचे आवाज. शेवटी ती दबक्या आवाजात म्हणाली, “सर, फवारणी टाकू का? लगेच निघेल पॉलिसी.” मी नको म्हटलं. क्लेमच्या वेळी आपणच विचारणार ना, फवारणीचं यंत्र आपण करमणुकीसाठी कसं उडवलंत?

परदेशात पाहा. ब्रिटनच्या मॉडेल फ्लाइंग असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की त्यातच अडीच कोटी पौंडांपर्यंतचं दायित्व-संरक्षण येतं. एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ अमेरिकेच्या मॉडेल एरोनॉटिक्स अकादमीचा सभासद आहे. त्याला २५ लाख डॉलरचं, घराच्या पॉलिसीनंतर लागू होणारं का होईना, पण मिळतं. सभासदत्व कुठलं घ्यावं यावर ते लोक वाद घालतात. चैन आहे! आमच्या क्लबच्या वर्गणीत गवत कापून मिळतं आणि रविवारी पोहे.

आपल्याला वाटत असेल, विमानाच्या काळजीने माझा जीव जातोय. विमान पडलं तर मी गोंद लावीन. भीती वेगळीच आहे. दहा इंची पंखा मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे मारतो, सुकाणू हलवणारा सर्व्हो अडकला की हातातल्या रिमोटच्या काड्या नुसत्या काड्या उरतात, आणि माळाच्या कडेला, बांधावर, वस्तीतली पोरं बसलेली असतात. आम्ही हाकलतो, ती पुन्हा येतात. त्या वयात मीही आलो असतो. उद्या त्यातल्या एकाच्या डोळ्याला लागलं, तर त्याच्या बापापुढे मी काय धरू? तुमचं बिनसहीचं पत्र? पैसे मी भरतोय, नुकसान त्याचं व्हायचंय, आणि तुम्हाला कागद हवाय, जो अस्तित्वातच नाही! लाज वाटायला हवी. फक्त ती कुठल्या विभागाने वाटून घ्यायची, हेही तुमच्याकडे ठरलेलं नसणार.

अर्ज पुन्हा जोडला आहे. वापराच्या रकान्यात पेनाने ‘छंद’ लिहिलं आहे. हप्ता कळवावा.

आपला,
ग्राहक होऊ पाहणारा

ता. क. : फवारणी सुचवल्याबद्दल त्या मुलीला मेमो देऊ नये. यादीत आणखी एक शब्द असता, तर तिचं त्या रात्रीचं टार्गेट एका पॉलिसीने कमी झालं असतं.